नवाची ओळ

वैजनाथ कस्तुरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सतरंजीवर एकटेच बसून फासे टाकत होते. एकदा टाकायचे, बघायचे, वहीत एक रेघ ओढायची आणि पुन्हा टाकायचे. समोर कोणी खेळणारा नव्हता.

ही १९६१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची नाटक कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला परत येऊन एका शाळेत मुलांची नाटकं बसवण्याचं काम धरलं होतं आणि वैजनाथांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. दार उघडं होतं म्हणून मी डोकावलो.

"किती झाले?" मी विचारलं.

"तेराशे बारा. सोळाशे करायचेत."

"कशासाठी?"

"सात किती वेळा पडतं ते पाहायचंय."

"आणि ते कळल्यावर?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला होता. "कळल्यावर कळलं," ते म्हणाले आणि पुन्हा फासे टाकले.

वैजनाथ जमीनमोजणीच्या खात्यात मोजणीदार होते. उन्हाळ्यात साखळी आणि झेंड्या घेऊन गावोगाव फिरायचं, शेतांच्या हद्दी मोजायच्या, दगड रोवायचे. पावसाळ्यात पेरलेल्या रानात साखळी ओढता येत नाही, म्हणून कचेरीत बसून नकाशे काढायचे. त्यांच्या मोजणीबद्दल एक गोष्ट सगळा तालुका सांगत असे. बीबी गावाकडे त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. शेजाऱ्याने तक्रार केली, मोजणी नेमकी यांच्याकडे आली, आणि यांनी सासऱ्यांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, चार हात मागे सरकवला. त्यानंतर दोन वर्षं सासरे जावयाशी बोलले नाहीत. वैजनाथांच्या पत्नी शालूबाई हे माहेरच्या अभिमानाने सांगत की नवऱ्याच्या, ते मला कधी कळलं नाही. पण सांगत वारंवार.

ते फासे त्यांच्या वडिलांचे. लांबट, हाडाचे, चार बाजूंचे. एक, दोन, पाच आणि सहा असे ठिपके कोरलेले. घराघरांत असे फासे दिवाळीच्या पाडव्याला बाहेर निघतात, चौसराचा एखादा डाव होतो आणि पुन्हा फडक्यात जातात. वैजनाथांनी मात्र त्यांच्यावर एक वेगळाच खेळ रचला. त्याला नाव नव्हतं. आम्ही नुसतं "पट" म्हणायचो. त्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी आम्ही तो खेळू लागलो आणि मी पंचेचाळीस वर्षांचा, रंगभूमीवर हजार प्रयोग केलेला माणूस, जेवण उरकून पोरासारखा तिकडे धावू लागलो.

खेळ असा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, त्याची एक सोंगटी पटावर मांडायची. त्या सोंगाला चार गुण: बळ, बुद्धी, वाचा आणि धीर. प्रत्येक गुणासाठी दोन फासे टाकायचे, बेरीज होईल तो आकडा त्या सोंगाच्या कपाळी. पुढे खेळात काही करायचं असेल, भिंत चढायची असेल, कोणाला पटवायचं असेल, तर काय करतो ते बोलायचं आणि पुन्हा दोन फासे टाकायचे. पडलेला आकडा गुणाइतका किंवा कमी आला तर काम फत्ते, जास्त आला तर फसलं. एवढं मला समजलं. याच्यापुढे एकशे बारा कलमं होती. पावसात घोडा असेल तर दोन मिळवा. उपाशी असेल तर बळातून एक वजा. रात्रीचा प्रवास, घाटाची चढण, जखमेचा तिसरा दिवस, सगळ्याला आकडा. सगळं एका जाड वहीत, नकाशाच्या शाईने, मोजणीदाराच्या अक्षरात. वही वैजनाथांकडे. ते स्वतः सोंग घेत नसत. ते शत्रू असत, पाऊस असत, नशीब असत.

मी सेनापती झालो, अर्थातच. नाव घेतलं रणधीर. फासे टाकले तर वाचा आली तीन.

"हे चालायचं नाही," मी म्हणालो. "माझा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू जायचा."

"तुमचा जायचा, सहदेवभाऊ. रणधीरचा कुठं लिहिलंय?"

पहिल्याच रविवारी मी शत्रूच्या नाईकाला फितवायला उभा राहिलो. खरोखरच उभा राहिलो, सतरंजीवर. आवाज पोटातून काढला, शेवटच्या वाक्याला खाली आणला, थांबलो. शालूबाई हातातला चहा विसरून दारात थबकल्या होत्या. मग फासे टाकले. दहा.

वैजनाथ म्हणाले, "सेनापती अडखळला. नाईकाला एक शब्द कळला नाही. त्याने भाला मारला."

त्या खेळात मी एकूण अकरा वेळा मेलो. रंगभूमीवर मला मरणाची वेळ ठाऊक असे; तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात मरायचं आणि चौथ्या अंकात पडद्यामागे विडी ओढायची. इथे मेलेला परत येत नसे. एकोणिसावं कलम. नवं सोंग घ्यायचं, नवे आकडे, नवं नाव.

दुसरा खेळगडी देऊळघाटचा किसनराव. चाळीस एकरांचा धनी, मोजणीत ओळख झालेली, सायकलवर यायचा. त्याने गुरांच्या व्यापाऱ्याचं सोंग घेतलं आणि कधी सोडलं नाही, कारण तो कधी मेलाच नाही.

"किसनराव, फौज चालून येते आहे. काय करतोस?"

"बैल इकत घेतो."

"युद्ध चालू आहे."

"मंग तं सस्ते भेटतीन!"

एकदा त्याने पायाच्या अंगठ्याने फासा हळूच उलटवला. वही उघडून वैजनाथांनी सातवं कलम वाचलं: फाशांशी लबाडी करील त्याने आपली जागा सोडावी, मग तो कोणीही असो. किसनराव दोन रविवार भिंतीला टेकून नुसता बघत बसला. "जमीन मोजाले येते तवाबी हा माणूस असाच करते," तो मला म्हणाला. "हसतबी नाई अन् सोडतबी नाई."

आणि चौथ्या होत्या गीताबाई.

गीताबाई वैजनाथांची थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून भावाकडे. मी पाहिलं तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. घरात त्यांना कोणी दुखवत नसे. कोणी विचारतही नसे. भाजी कोणती, पाहुणे कधी, खोलीला रंग कोणता, हे शालूबाई ठरवत आणि ते बरोबरच होतं, घर त्यांचं होतं. हळदीकुंकवाला बायका आल्या की गीताबाई आत गहू निवडत बसत. खेळाच्या पहिल्या रविवारी त्या चहाच्या कपबशा उचलायला आल्या आणि वैजनाथ म्हणाले, "ताई, एक जागा रिकामी आहे."

"मले काय येते त्यातलं?"

"फासे तर टाकता येतात."

ते त्यांना येत होतं. लहानपणी वडिलांबरोबर चौसर खेळलेल्या होत्या. मनगटाच्या एका झटक्यात फासे सोडायच्या, घरंगळत जायचे. त्यांनी किल्लेदारणीचं सोंग घेतलं. चंपावती, सातदऱ्याची किल्लेदारीण. धीर आला आठ.

पहिले दोन-तीन रविवार त्या खालमानेने, भावाकडे बघत बोलायच्या. मग एक दिवस शत्रूची फौज पायथ्याशी आली आणि त्या म्हणाल्या, "दरवाजे लावा. धान्याची कोठारं माझ्यासमोर मोजा. अन् सेनापतीले म्हणा, मी सांगतो तवाच बाहेर पडायचं, आधी नाई." मी नव्या नावाने पुन्हा सेनापतीच होतो. मी निमूटपणे "जी" म्हणालो. नट म्हणून सांगतो, असा आवाज शिकवून येत नाही. तो माणसाच्या आत कुठेतरी ठेवलेला असतो.

दर तीन महिन्यांनी सातदऱ्याला वेढा पडायचा. वेढ्याचं कोष्टक वेगळं होतं. त्यात गुण-बिण काही नाही. तीन वेळा फासे टाकायचे आणि पडेल त्या आकड्यापुढे जे लिहिलं असेल ते घडायचं. वैजनाथ दर वेढ्याआधी ते कोष्टक वाचून दाखवत, कारण कोणाला न सांगता काही करणं त्यांना जमत नसे. दोन, पाणी आटलं. तीन, तटाला खिंडार. चार, ताप पसरला. पाच, मदतीला फौज आली, वेढा उठला. सहा, चकमक. सात, शांतता. आठ, शत्रूचा दारूगोळा भिजला. नऊ, किल्ला पडला, किल्लेदार कामी आला. दहा, अकरा, बारा. ते सगळं एका सुरात वाचत, सातबारा वाचल्यासारखं. मी मात्र "नऊ" आलं की दर वेळी श्वास धरायचो. नऊ पडलं की चंपावती संपली, आणि तिच्याबरोबर तो आवाज. दुसरं सोंग मिळालं असतं, पण आमच्यापैकी कोणालाच ते नको होतं.

नऊ पडलं नाही. वेढ्यामागून वेढे गेले. खिंडारं पडली, ताप आले, एकदा सलग दोनदा पाणी आटलं. सातदरा उभाच. किसनराव देऊळघाटच्या पारावर सांगायचा, "त्या बाईचं नशीब पाहा, नऊ पडतच नाई." मी माझ्या शाळेत सांगायचो.

१९६६ च्या दिवाळीनंतरच्या रविवारी विसावा वेढा झाला. सहा पडले, सात पडले, शेवटी आठ. किल्ला राहिला. वैजनाथांनी वही मिटली आणि मागून एक गुंडाळी काढली. मोजणीच्या कापडी कागदावर त्यांनी सातदऱ्याचा नकाशा काढला होता; तट, बुरूज, तळं, आणि खाली लाल शाईत: किल्लेदारीण चंपावती, वीस वेढे अजिंक्य, कलम त्रेसष्टप्रमाणे धीर बारा.

बारा म्हणजे कधीच न चुकणारा आकडा. दोन फाशांवर बारापेक्षा जास्त पडूच शकत नाही. आमच्यापैकी कोणाचाच कोणताही गुण बारा नव्हता.

किसनरावाने मांडीवर थाप मारली. मी टाळ्या वाजवल्या. गीताबाईंनी नकाशा नीट पाहिला, तळ्यावरून बोट फिरवलं आणि गुंडाळी करून भावापुढे सरकवली.

"हे मी नाई घेत."

"का, ताई?"

"वैजू, या फाशावर काय काय आकडे हायेत?"

वैजनाथ गुंडाळी पुन्हा सरळ करू लागले.

"सांग ना. एक, दोन, पाच अन् सहा. बरोबर? मंग दोन मिळून नऊ करून दाखव."

किसनरावाने फासे उचलले आणि हाताने फिरवून मांडायला लागला. "सहा अन् दोन आठ. सहा अन् पाच अकरा. पाच अन् पाच दहा. सहा अन्..." त्याचा हात थांबला. "थांबा, थांबा. नऊ कोठी गेले?"

"तीन नाई अन् चार नाई फाशावर," गीताबाई म्हणाल्या. "नऊ येईन कुठून?"

सोळाशे वेळा फासे टाकून रेघा ओढणारा माणूस मला आठवला. मी तेव्हा त्या वहीत नीट डोकावलो असतो तर नवापुढे एकही रेघ दिसली नसती. मी फक्त सातच्या रेघा बघितल्या होत्या.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच वेढ्याले. आधी वाटलं, चुकला असन. चार बाजूचे फासे, पण दोन ते बारा सगळं लिहून काढलं, कागदावरच्या हिशेबानं. म्हटलं, कायले लाजवायचं. मंग पाचकडं ध्यान गेलं." त्या भावाकडे वळल्या. "पाचबी पडत नाई. माझी मदतीची फौज काऊन नेली, बे?"

वैजनाथांनी चष्मा काढला. "एकीकडून काढलं तर दुसरीकडूनही काढावं लागतं. नाहीतर बरोबर होत नाही."

"वा रे वा!" किसनराव म्हणाला. "मोजणी चोख, अन् वावरच खोटं!"

शालूबाई दारात हसल्या आणि मग हसू आवरलं.

"ताई," वैजनाथ म्हणाले, "एवढी एक गोष्ट तरी तुझी राहावी असं वाटलं."

"माझी कुठं राह्यली ती? तू राखली. मंग तुझीच झाली." हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा म्हणाल्या. "इतके दिवस चाललं. म्हटलं, खेळ हाय. पण आता तू धीर बारा लिहून देऊन राह्यला. मी काय धीर केला, सांग? पडूच शकत नाई त्या किल्ल्यात बसली होती मी. तिथं कोणीबी बसलं असतं."

त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत लुडोच्या डब्यातले दोन फासे होते. लाकडी, चौकोनी, सहा बाजूंचे. कधीचे आणून ठेवले होते कोण जाणे.

"हा वेढा परत. यानं."

"ताई, नको," वैजनाथ म्हणाले. त्यांना त्या फाशांचा हिशेब लगेच झाला असणार. छत्तीसात चार वेळा नऊ, छत्तीसात चार वेळा पाच. तो हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"वाच कोष्टक."

त्यांनी वाचलं. या वेळी एका सुरात नाही.

पहिल्यांदा चार पडले. ताप पसरला. चंपावतीने आजारी माणसं दक्षिणेच्या बुरुजात हलवायला सांगितली. दुसऱ्यांदा सात, शांतता. तिसऱ्यांदा त्यांनी फासे मुठीत जरा जास्त वेळ धरले. लांब फासे घरंगळतात, हे टणटण उड्या मारत गेले. एक लगेच थांबला, सहावर. दुसरा किसनरावाच्या गुडघ्याशी जाऊन फिरला आणि तीनवर बसला. किसनरावाने गुडघाच काय, पायाचा अंगठाही हलवला नाही.

"वाच," गीताबाई म्हणाल्या.

"नऊ."

"पुढचं वाच ना. मोठ्यानं."

"किल्ला पडला," वैजनाथ म्हणाले. "किल्लेदार कामी आला."

गीताबाईंनी पटावरची आपली लाल सोंगटी उचलली आणि आडवी ठेवली. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचून पोट भरलं आहे. त्या दुखावल्या होत्या, खऱ्याखुऱ्या, आणि त्या दुखण्याला त्यांनी जागा करून दिली होती. मग त्या म्हणाल्या, "पडला एकदाचा," आणि चहाचा कप हातात घेतला.

कोणी काही बोलायच्या आत वैजनाथांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि सातवं कलम वाचलं. शेवटचे शब्द, मग तो कोणीही असो, त्यांनी दोनदा वाचले. वही मिटून सतरंजीच्या मध्ये ठेवली आणि आपल्या जागेवरून उठले.

"अहो, बसा," शालूबाई म्हणाल्या. "खेळ आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि भिंतीपाशी जाऊन बसले.

वही कोणी घ्यायची हे विचारावं लागलं नाही. गीताबाई त्यांच्या जागेवर सरकल्या. त्यांनी लांब फासे फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवले, कारण वडिलांचे होते, आणि लुडोचे पुढे घेतले. दोन रविवार वैजनाथ नुसते बघत राहिले, किसनराव बसला होता तसेच. तिसऱ्या रविवारी गीताबाई म्हणाल्या, "एक जागा रिकामी हाय, वैजू."

"मला काय येतं त्यातलं?"

"फासे तं टाकता येतात."

वैजनाथांनी चामड्याच्या पखालीतून पाणी वाहणाऱ्या पखालवाल्याचं सोंग घेतलं. बळ सहा, बुद्धी सात, धीर चार. वाचा पडली अकरा. किसनराव इतका हसला की त्याला ठसका लागला. पाच वर्षांत मी घसा खरवडून जे मिळवू शकलो नव्हतो ते या माणसाला पहिल्या फेकीत मिळालं होतं. जो माणूस कचेरीत साहेबासमोर गेला की नकाशा पुढे करायचा, बोलायचा नाही.

सातदरा शत्रूच्या ताब्यात होता. आत आमची पन्नास माणसं कैदेत, चार दिवस पाण्यावाचून. गीताबाईंनी वही मांडीवर घेतली.

"दरवाज्यावर पहारेकरी हाय. भाला आडवा धरलाय. तू काय करतोस?"

वैजनाथ उठून उभे राहिले. माझं पाहून, बहुधा. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. एक खिशात घातला, पुन्हा काढला. चष्मा सारखा केला. इतका वाईट प्रवेश मी कोणत्याही शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाहिलेला नाही.

"पाणी," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "आत... म्हणजे, पाणी न्यायचं होतं."

"झालं?" गीताबाईंनी विचारलं.

"झालं."

"टाक फासे."

आठ पडले. अकराच्या आत.

किसनराव माझ्याकडे बघायला लागला, मी गीताबाईंकडे. त्यांनी वहीत पाहिलंही नाही. ते कलम त्यांना पाठ होतं.

"पखालवाला असा काही बोलला," त्या म्हणाल्या, "का पहारेकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाला त्यानं भिंतीले टेकवला अन् दरवाज्यातली दिंडी उघडून दिली."

वैजनाथ तसेच उभे होते. "खरंच?" त्यांनी विचारलं.

"आकडा हाय तसा," गीताबाई म्हणाल्या. "चल, वाकून आत ये. दिंडी लहान हाय."

आणि माझा मित्र, सतरंजीवर, पाठीवर नसलेली पखाल सांभाळत, खाली वाकला.